चौकटीवरचं कुंकू

सकाळी सकाळी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून फोन आला. "मॅडम, माझ्या कारखान्यात घातपात झालाय. माणूस धरून ठेवलाय, लवकर या!"

फौजदार उज्वला निरगुडे पोचल्या तेव्हा मालक किशोर देवरे काचपट्ट्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसले होते. कोपऱ्यात यंत्र चालवणारा केरू, पेठकडचा. रडून रडून बिचाऱ्याचे डोळे सुजले होते.

"नीट सांगा. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

किशोरनी समजावून सांगितलं. लेसरचे निमिषाहूनही छोटे झटके काचेच्या पोटात रेघ आखतात. मग काच आम्लात बुडवली, की रेघ विरघळून केसाहून बारीक नाली उरते. नाल्या वरच्या थरात, इवलीशी झडप खोलवर. अशा पट्टीवर रक्ताचा एक थेंब टाकला, की पाड्यावरच सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी. पण दसऱ्यानंतरच्या एकाही पट्टीत झडप कोरलीच गेली नव्हती.

"यानं लेसरचा जोर मुद्दाम कमी केला," किशोर म्हणाले. "फितूर झालाय. याला आत टाका."

"म्या नाय केलं, मॅडम! वहिनींची शपथ. दसऱ्याला तर मी गावाला होतो. मला बेड्या पडल्या तर घरच्यांनी काय करायचं?"

"वहिनी कोण?"

"माझी बायको, मीना," किशोर म्हणाले. "श्रावणात गेली."

उज्वलांनी खोलीभर नजर फिरवली. "सुट्टीत या खोलीची किल्ली?"

"माझ्याकडे. एकच आहे."

"दसऱ्याला यंत्राची पूजा झाली?"

"छे! मी असलं काही मानत नाही. मीनाच करायची."

जरा जास्तच घाईनं आलं उत्तर. उज्वलांनी दाराची चौकट पाहिली. तिच्यावर कुंकवाची बोटं होती, एकावर एक, वाळलेली, फिकट. ताजं एकही नव्हतं. मग स्टुलावर चढून त्यांनी यंत्राच्या माथ्यावरची पंख्याची जाळी पाहिली. जाळीच्या फटी लालभडक होत्या.

"केरूला सोडा," त्या उतरून म्हणाल्या. "जोर कुणी कमी केला नाही. कोरडं कुंकू जाळीतून आत गेलं आणि भिंगावर बसलं. उजेड मंदावला. वरच्या नाल्यांपुरता पुरला, खोल झडपेपर्यंत पोचला नाही. केरू गावाला होता, किल्ली तुमच्याकडे. देवरेसाहेब, पूजा तुम्ही केलीत."

किशोरनी खिशातून हळूच मीनाचा चांदीचा करंडा काढला.

"तिची पूजा चुकू नये, एवढंच वाटलं हो. जन्मभर तिला हसलो, आता कुठल्या तोंडानं कबूल करू? पण ती तर दरवर्षी करायची. तेव्हा कसं काही झालं नाही?"

"त्या यंत्राला कुंकू वाहतच नव्हत्या. ओल्या बोटानं चौकटीला लावायच्या. बघा ना."

"वहिनी म्हनायच्या," केरू हळूच बोलला, "साहेबांचं काम लय नाजूक हाय, आत धूळ जाया नको."

किशोर उठले. केरूपुढे हात जोडले.

"असू द्या, साहेब. भिंग पुसून घेतो. झडपा परत कोरू."

किशोर चौकटीपाशी गेले. त्या वाळक्या ठशांवर बोट ठेवलं आणि हमसून हमसून रडले.

"रोज याच दारातून आत-बाहेर करत होतो," ते म्हणाले. "एकदाही पाहिलं नाही."