पंचवीस पावलांवरचा बोळा

"बाबांनी गटार साफच केलं नाही, खोटी सही ठोकली, असं म्हणतात," पालिकेच्या सफाई कामगाराची मुलगी रडत म्हणाली. "तळघरातली इस्त्रीवाली बाई पाण्यात बुडून गेली, त्याचं खापर त्यांच्या माथी! काकू, माझे बाबा कामचुकार नाहीत हो."

काकूंनी चष्मा पुसला. तीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या लोकांच्या भानगडी उकलत. सोबतीला नेहमी धाकटे दीर. भावोजींचं काळीज मोठं, डोकं मात्र सावकाश चालणारं.

"वहिनी, कामगाराने अंगचोरी केली असेल तर?" भावोजींनी काकूंना विचारलं.

"आधी गटार बघू."

गल्लीच्या तोंडाशी पावसाळी गटाराची लोखंडी जाळी होती. भोवतालचं गवत करपून पांढरंफटक झालेलं. दुर्घटना झाली त्याच संध्याकाळी पालिका कार्यालयाने गटाराच्या सगळ्या झाकणांना सील ठोकलं होतं.

मुलीचा बाप तिथेच उभा होता. "पावसाच्या आठ दिवस आधी माझा बांबू इथून तिथवर सुळकन गेला होता, ताई."

"कोणी पाहिलं?"

"गटारात कोण डोकावतंय?"

कोपऱ्यावरची भाजीवाली तर तापलेलीच होती. "म्हणे माझ्या पिशव्यांनी तुंबलं! मी पिशवी देतच नाही. गिऱ्हाइकाने आणलेल्या पिशवीत माल ओतते. पण तुंबलं की गरिबाचंच बखोट धरायचं!"

समोर बारा मजली इमारत उठत होती. तिथल्या सुपरवायझरने त्यांच्यापुढे प्लास्टिक पिशव्यांचं पोतंच उपडं केलं. "हा पुरावा. पाणी ओसरल्यावर माझ्या माणसांनी जाळीतून उपसल्या."

भावोजींनी एक पिशवी उलगडली. घडी करकरीत होती. "केवढा हा कचरा!" ते हळहळले.

"तुमच्या काँक्रीटच्या गाड्या कुठे धुता?" वहिनींनी विचारलं.

"आतल्या त्या खड्ड्यात. नियम म्हणजे नियम."

खड्ड्यात हिरवंगार गवत डोलत होतं. वहिनी परत येऊन जाळीत डोकावल्या.

"आणि जाळीत काय शोधताय?" तो हसला. "बोळा बसलाय पंचवीस पावलांवर, आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सगळ्यांना जाळीपाशी बोलावलं. कार्यालयातले साहेब घड्याळ बघत आले.

"भावोजी, पावलं मोजा."

पंचविसावं पाऊल एका झाकणावर पडलं. सील तोडून झाकण उचललं. कामगाराने बांबू खुपसला. खट्ट! आत पिशवी नव्हती. करडा, दगडासारखा घट्ट गोळा गटाराचा गळा आवळून बसला होता.

"सिमेंट," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या पाण्याने गवत जळतं. गाड्या खड्ड्यात धुतल्या असत्या, तर तिथे गवताचं पातं जगलं नसतं. ते जळलं इथे, जाळीभोवती. गटारातल्या पिशवीत गाळ भरतो; यांच्या पिशव्यांची घडीही मोडली नव्हती. आणि पुरानंतर झाकणांना सील होतं. मग बोळा पंचवीस पावलांवर आहे, हे यांना कसं कळलं?"

भावोजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "पावसाच्या आधीच उघडून बघितलं होतं यांनी!"

"हो. गाड्या धुतल्याचं पाणी जाईना, म्हणून बघितलं. तुंबल्याचं ठाऊक असून गप्प बसले. पाऊस आला, त्याचं पाणी तळघरात शिरलं."

"खड्ड्यापर्यंत गाड्यांना वाट करायची तर दोन दिवस काम बंद!" सुपरवायझर ओरडला. "वरून घाई होती!"

साहेबांनी घसा खाकरला. "नजरचूक दिसते. समिती नेमू—"

"नजरचूक?" वहिनींचा आवाज चढला. "या माणसाला निलंबित करताना समिती लागली नव्हती! तो हुकूम आत्ता, इथे रद्द करा. आणि पोलिसांना बोलवा."

साहेबांनी पेन काढलं. कामगाराने कागद हातात घेतला, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"इस्त्रीवालीच्या नवऱ्याला वाटतं, मीच तिला मारलं," तो म्हणाला. "त्याला कोण सांगणार?"

भावोजी पुढे झाले. त्यांनी सुपरवायझरचं मनगट घट्ट पकडलं.

"पोलीस येईपर्यंत वेळ आहे," ते म्हणाले. "त्याचं घर समोरच आहे. चला, तुम्ही सांगणार. मी ऐकतो."