जेवण संपेपर्यंत

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. काचपट्टीवर दिसतं तेवढंच खरं मानते. माझी खोड एकच, आग्रह. माझ्या हातात वाढायचा डाव असला की पाहुण्यांनी ताटावर हात आडवा धरूनच बसावं, असं निनाद, माझा नवरा, म्हणतो.

त्या शनिवारी तो साइटवर गेला होता. इथे आखातात, अल रीम आयलंडवर, एकतिसाव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आमची अकरा वर्षांची अंतरा सकाळपासून व्हायोलिन वाजवत होती. परीक्षेसाठी तिला बेनेडिक्ट ओसेईची शेवटची रचना मिळाली होती. हा अडीचशे वर्षांपूर्वीचा. आई आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली, मुलगा युरोपातल्या दरबारात संगीतकार. त्याच्या बारा रचना छापल्या गेल्या, पण त्याला पंक्तीत कुणी कधी बसवलं नाही. सरदार जेवायचे आणि तो पडद्यामागे उभा राहून वाजवायचा. शेवटच्या रचनेला त्याने शेवटच लिहिला नाही. तिथे फक्त सूचना आहे : जेवण संपेपर्यंत पुन्हा पुन्हा. ती वाजवतानाच तो उपाशीपोटी कोसळला, म्हणे.

"अंतरा, खलास! दोन वाजले, जेवायला ये."

"आय कान्ट, ममा." तारांवरचा तिचा बो थांबला नाही. "ही सेज, नॉट टिल दे हॅव ईटन."

"कोण म्हणतं?"

तिने डोळ्यांनीच पडदा दाखवला. आमच्या खिडक्या उघडत नाहीत. तरीही पडदा हलत होता, मागे कुणाचं तरी कोपर पुढे-मागे व्हावं तसा. अंतराच्या व्हायोलिनच्याच लयीत.

मी तिचं मनगट धरलं. ते हलेना. तारांवर रक्त लागलं होतं.

मी घाईघाईने चार घास गिळले. "बघ, झालं माझं जेवण. थांब आता."

"ही हॅजन्ट ईटन, ममा." ती रडत होती.

मग मी दुसरं ताट वाढलं. वरण-भात, तूप, लिंबाची फोड. पडद्यासमोर खुर्ची ओढून ताट टेबलावर ठेवलं. "बसा. जेवून घ्या."

पडदा स्थिर झाला.

भाताची मूद एका कडेने खचू लागली. सावकाश. अंतराची लय संथ होत गेली.

शेवटचा घास संपला. बो तारेवरून उचलला गेला.

सुटलो, असं वाटून मला रडू फुटलं. आणि रडता रडताच, सवयीने, माझा हात डावाकडे गेला.

"अजून थोडा वाढू?"

"ममा, नो..."

ताट हळूच माझ्याकडे सरकलं.