पट्टी नसलेले सिलिंडर

आमची पहिली भेट सिलिंडरातला प्राणवायू मोजायच्या मीटरवर झाली. मावशीच्या डायव्हिंग सेंटरात तो एकच, आणि आमचे दोघांचे हात एकदमच त्यावर पडले. “तुम्ही आधी मोजा,” तो म्हणाला... पण हात काही काढला नाही. मग मीही काढला नाही.

तो नवा प्रशिक्षक. सगळं समजावून सांगायची खोड, म्हणून मावशीने त्याचं नाव ‘मास्तर’ ठेवलं. आल्या आल्या त्याने टुमणं लावलं – जादा प्राणवायूच्या हवेचा धडा नवशिक्यांनाही पहिल्याच कोर्समध्ये द्यायचा. नवशिक्यांना शिकवते मी. ज्यांना अजून मास्कमधलं पाणी काढता येत नाही, त्यांच्या डोक्यात आणखी आकडे कशाला, असं माझं म्हणणं. त्या हवेवर पाण्यात जास्त वेळ राहता येतं, पण फार खोल गेलं तर माणसाला झटके येतात. तो म्हणायचा, म्हणूनच तर शिकवायचं. रोज चहाबरोबर हे भांडण. एकदा तो चहाला आला नाही, तर चहा बेचव लागला. मी साखरेला दोष दिला.

त्या सकाळी तो अनुभवी मंडळींना घेऊन बुडालेल्या जहाजाकडे गेला. खूप खोल. इकडे माझ्या विद्यार्थिनी कौतुकाने सांगत आल्या, ताई, आम्ही काल सगळे सिलिंडर घासून चकाचक केले, त्या मळक्या चिकटपट्ट्यासुद्धा काढल्या.

त्यातलेच सिलिंडर सकाळी बोटीवर गेले होते. कुठल्या सिलिंडरात कुठली हवा, ते त्या पट्ट्यांवरच तर लिहिलेलं असतं. पण बिचाऱ्यांना हे सांगणार कोण? तो धडा मीच अडवून धरला होता. बोटीवर फोन लावला. मंडळी केव्हाच पाण्यात उतरली, नावाडी म्हणाला, आणि फोन कटला.

बोट दिसेपर्यंत मी धक्क्यावर येरझारा घालत राहिले. बोटीच्या काठाशी ओल्या केसांनी तो बसला होता, चक्क हसत.

“जहाज?” मला एवढंच विचारता आलं.

“गेलोच नाही. पट्ट्या दिसल्या नाहीत, म्हणून उतरण्याआधी एकेक सिलिंडर मीटर लावून तपासला. निम्मे जादा प्राणवायूचे निघाले. मग वरच्या खडकांवरच मासे बघितले.”

जीव भांड्यात पडला. आणि मेलं रडूही आलं.

“उद्यापासून पहिल्या कोर्समध्ये तुमचा धडा,” मी डोळे पुसत म्हणाले.

“एवढी माघार?”

“तुम्ही परत आला नसता तर...” मी थांबले. मग म्हटलं, आता कसली लाज. “आवडता मला तुम्ही. हसू नका.”

तो हसला नाही. “मावशी केव्हापासून दुसरा मीटर आणू म्हणतायत,” तो हळूच म्हणाला. “मीच नको म्हटलं.”

खिशातून त्याने तो एकुलता एक मीटर काढला आणि माझ्या हातात दिला... पण हात काही काढला नाही. मीही काढला नाही.