फरशी ओली होती

भर दुपारी घडलेली गोष्ट आहे ही. बाहेर लख्ख ऊन होतं.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून लेकाकडेच होत्या. त्यांच्या स्वतःच्या घराला वर्षभर कुलूप होतं. आता त्यांनी एकच धोशा लावला होता, "मला माझ्या घरी न्या." न्यायचं ठरलं, म्हणून सून आणि नणंद बादली, फडकी, फिनेल घेऊन घर साफ करायला गेल्या.

"इतकी धूळ असेल, की घरी गेल्यावर पोरं ओळखायची नाहीत आपल्याला," सून म्हणाली.

नणंदेने दार उघडलं आणि दोघी उंबऱ्यातच थबकल्या.

धूळ नव्हतीच. टेबलाच्या काचेत छताचा पंखा स्वच्छ दिसत होता. नळाच्या तोटीवर क्षाराचा ठिपका नव्हता. फिनेलचा ताजा वास दरवळत होता आणि फरशी ओली होती... कडेने नुकती वाळू लागलेली.

"तू येऊन गेलीस का गं?"

"मी? ताई, किल्ली तुमच्याकडे असते."

नणंद किल्लीकडे बघतच राहिली. साफ करायचं काय, हाच प्रश्न. तरी हात रिकामे ठेववेनात, म्हणून सुनेने कोरडं फडकं खिडकीच्या कडेवरून फिरवलं. ते होतं तसंच परत आलं, पांढरंशुभ्र.

खालच्या मजल्यावरच्या बाई जिना चढून वर आल्या. "आजींना सांगा हं, कपाट सरकवून झाडतात त्याचा फार आवाज होतो. या वयात रोज एवढं कशाला?"

"आई तर भावाकडे..." नणंद पुटपुटली.

बाई हसून खाली गेल्या.

सुनेने नवऱ्याला फोन लावला. "आई काय करतायत?"

"झोपून आहे. का गं?"

"त्यांचे हात बघा जरा."

त्याने पांघरूण बाजूला सारल्याचा आवाज आला. मग दबक्या आवाजात म्हणाला, "बोटं सुरकुतलीयत. पाण्यात भिजल्यासारखी. काय चाललंय तिकडे?"

मागून सासूबाईंचा क्षीण आवाज आला. त्याने फोन त्यांच्या कानाशी धरला.

"फरशी झाली गं माझी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "भांडी तेवढी तुझी राहिली."

"माझी? आई, वर्षभरात मी आज पहिल्यांदाच आलेय इथे."

मग सासूबाई लहान मुलासारख्या गोंधळून म्हणाल्या, "अगं, मग रोज ओट्याशी पाठमोरी उभी असते ती कोण? मी समजत होते, तूच..."

स्वयंपाकघरात नळ बंद झाल्याचा आवाज आला.

नणंद सुनेच्या शेजारीच उभी होती. तिने सुनेचं मनगट घट्ट धरलं. दोघींनी दारातून आत डोकावलं. ओट्याशी कोणी नव्हतं. जाळीत पालथी घातलेली एक थाळी तेवढी अजून डुलत होती.