बेहड्यावरचे रहिवासी

धामणकर नाक्यामागच्या गल्लीत केसरीनाथचं घर. घरात तो आणि त्याची विधवा थोरली बहीण, आक्का. अंगणात बेहड्याचं जुनं झाड आणि त्याच्या सावलीत भाड्याने दिलेली एक खोली. तिथे माधवी आपल्या दोन लहान मुलींना घेऊन राहायची.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात बेहडा खोलीवर झुकला. तो तोडायच्या परवानगीसाठी केसरीनाथ अर्ज घेऊन महापालिकेच्या कचेरीत गेला.

साहेब म्हणाले, "परवानगीशिवाय तोडलंत तर गुन्हा. आणि पडून कुणी दगावलं, तर जबाबदारी मालकाची."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. माधवीला त्याने आपल्या घरात यायला सांगितलं, पण ती भिडस्त. "परवानगी आली की येते, काका," एवढंच म्हणाली.

परवानगी उद्या येईल या भरवशावर केसरीनाथने भलतीच घाई केली. झाड तोडायच्या आदल्या संध्याकाळी बुंध्याशी नारळ ठेवायचा आणि झाडावर जे कुणी राहत असेल त्याला दुसरीकडे जायला सांगायचं, ही त्यांच्या घरची रीत. त्याने अर्ज दिला त्याच संध्याकाळी नारळ ठेवला. सकाळी बेहड्यावर चिमणीसुद्धा नव्हती.

तीन महिने गेले. कागद आला नाही, पाखरूही परतलं नाही. आक्का रोज पुटपुटायची, "केसरी, त्यांना उठवलंस आन झाड तसंच ठेवलंस. बिचारी गेली कुटं आसतील?"

एका दुपारी वीज गेली. गल्लीतले कापड विणणारे सगळे लूम एकदम थांबले आणि त्या शांततेत बेहड्याचा आवाज आला. कर्र... कर्र... ओल्या मातीचा उग्र वास सुटला. केसरीनाथ अनवाणी धावला, पण अंगणात पोचेपर्यंत झाड खोलीवर आडवं झालं होतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी माधवी दिसली, दोन्ही मुलींचे हात धरून. केसरीनाथ लहान पोरासारखा रडला.

"तुमच्याकडची बाई आली होती ना," माधवी हळूच म्हणाली. "म्हणाली, केसरीनाथनं आम्हाला वेळेवर सांगितलं, म्हणून तुला सांगते... लगेच बाहेर पड."

"कुठली बाई?"

"ती... दुपारची तुमच्या माळ्याच्या खिडकीत बसते ती... केस मोकळे सोडून."

संध्याकाळी साहेबांनी पंचनामा केला. जीवितहानी नाही, तुम्ही सुटलात, म्हणाले. माधवी आणि मुली केसरीनाथच्या पुढच्या खोलीत आल्या. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. कित्येक दिवसांनी त्याला भूक लागली.

आक्काने चहा टाकला. पिणारी माणसं तीन, कप मांडले चार. चौथा कप ती माळ्याच्या जिन्यावर ठेवून आली.

चहा पिऊन तो मोरीत गेला, तर चौथा कप धुऊन पालथा घातलेला.

"आक्का, एवढ्यात धुतलास?"

"मी न्हाय धुतला," आक्का म्हणाली.