नाल्यातून गेलेला निरोप

मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. कुरखेड्याच्या पुढे ज्या जंगलात बाया मोह वेचायला जातात, तिथे मोबाइल चालत नाही, आणि वाघ मात्र आहे. म्हणून आम्ही गळ्यात अडकवायच्या डब्या तयार केल्या. एका डबीत बोललं की जवळची डबी तो आवाज उचलते आणि पुढच्या डबीला देते. माणसं फिरत राहिली तरी निरोप आपली वाट शोधतो. फक्त मधे कोणीतरी हवं.

मधे बुधरी असायची. टेकडी आणि पलीकडची मोहाची झाडं यांच्यामध्ये खोल नाला आहे. त्याच्या काठाकाठानं ती वेचायची. त्या सकाळी ताप आल्यानं ती घरीच होती. तिची डबी बंद करून मी पिशवीत ठेवली होती.

टेकडीवर वनरक्षक रोशन आणि मी उभे होतो. त्यानं एकदम माझा हात धरला. नाल्यापलीकडच्या गवतातून काहीतरी पिवळं सरकत होतं. मोहाच्या झाडांकडे. तिथे बाया वेचत होत्या, आणि डबी धुरपताबाईंच्या गळ्यात होती.

"धुरपताबाई, वाघ येऊन राह्यला! साऱ्याजणी गावाकडं निंघा!" तो डबीत ओरडला.

उत्तर आलं नाही. येणार तरी कुठून? आम्ही ओरडत धावत सुटलो.

गावाच्या वाटेवरच बाया भेटल्या. सगळ्या. धुरपताबाईंची टोपली अर्धीच भरली होती.

"रोशनभाऊचा आवाज आयकला न् निंघालो," त्या धापा टाकत म्हणाल्या.

"पण कसा ऐकलात? मधे डबीच नव्हती."

"मले काय मालूम, मॅडम? साफ आयकू आला."

"वाचल्या ना? मंग झालं," रोशन म्हणाला.

माझं तेवढ्यानं झालं नाही. वारा, उतार, टेकडीवरून परतलेला आवाज, सगळं धरून पाहिलं. हिशेब लागेना. वाघ दूर गेल्याचं कळल्यावर एका दुपारी मी रोशनला घेऊन नाल्यावर गेले. साऱ्या डब्या बंद करून पिशवीत घातल्या होत्या. माझी एकटीच चालू ठेवली. जवळ किती डब्या आहेत, ते तिच्यावर दिसतं. शून्य दिसायला हवं होतं.

चार दिसले. मग सात. आम्ही बनवल्याच होत्या पाच.

"बिघडली असन," रोशन म्हणाला. पण तो काठावरून पुढे आला नाही.

मी खाली उतरले. कोरडी वाळू, दगड, पळसाची गळलेली पानं. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. आकडा वाढतच होता.

बटण दाबून मी विचारलं, "कोण आहे?"

काठावरून रोशननं हाक मारली.

"मॅडम, वर या तुमी."

मी समोरच्या झाडीकडे पाहिलं.

डबी खरखरली. एका बाईचा आवाज आला, अगदी हळू, तोंडावर हात धरून बोलावं तसा. ती माझ्याशी बोलत नव्हती.

"हालू नोका. ते बाई इकडंच पाहून राह्यली."