सोमवारचा चहा

पाटसच्या स्टँडवर उसाची ट्रॉली आडवी झाली आणि सुषमाची एसटी मागे अडकली. हवेत कारखान्याच्या मळीचा आंबूसगोड वास. ट्रॅक्टरवरून एक तरुण उतरला, त्यानं एक कांडं रुमालानं पुसलं आणि खिडकीतून पुढं केलं.

"घ्या. वाट आमी अडवली, दंडबी आमीच भरणार."

सुषमानं ते ओच्यात ठेवलं.

"खात न्हाई? का शोकेसमधी मांडणार?"

"संध्याकाळी खाईन…" ती हळूच म्हणाली.

तो सोमवार होता. सोमवारी दिवेलागणीपर्यंत ती पाणीही घेत नसे, आणि व्रत बोलून दाखवू नये अशी तिच्या आईची शिकवण. संध्याकाळी दिवा लावून तिनं कांडं सोललं. ओठ गोडीनं चुरचुरले…

तरुणाचं नाव हनुमंत. पुढं स्टँडवर भेटी होत गेल्या. तिचा सोमवार त्यानं न सांगता ओळखला. समाज एकच होता. पण तिच्या भांडगावच्या रानाला कालव्याचं पाणी, आणि त्याच्या माळावर नुसता वारा. तरी तिचे आण्णा म्हणाले, "पोरगा कष्टाचा हाय. बघू या घर."

हनुमंतच्या घरून बोलावणं आलं ते सोमवारचं. त्याला सुट्टी तेव्हाच. दिवस बदला म्हणायला सुषमाची जीभ उचलली नाही.

हनुमंत आण्णांना विहीर दाखवायला गेला. त्याची आई कुशाबाई चहा घेऊन आली, शेजारणीच्या फुलाफुलांच्या कपबशीत.

सुषमानं हात जोडले. "आज नको, मावशी."

कुशाबाईनं कपावर बशी झाकली.

चार दिवसांनी हनुमंत स्टँडवर आला, तो खाली बघतच.

"आई नको म्हणती."

"तुम्ही सांगितलं नाहीत… उपास होता म्हणून?"

"सांगितलं की. ती म्हणली, बागायतदाराची लेक, तिला आमचा च्या कसा चालंल? आज उपास, उद्या आणिक काय. जन्मभर आपल्याच घरात मी मान खाली घालू व्हय?" तो थांबला. "तिला तुझा राग न्हाई, सुषमा. भ्या वाटतं. आन् मला… तिच्याबिगर कोण हाय?"

एसटी आली तशी सुषमा चढली.

पुढच्या वर्षी हनुमंतचं लग्न ठरलं, माळावरच्याच एका मुलीशी. तोही सोमवारच. आण्णांबरोबर सुषमा मांडवात गेली. कुशाबाई चहाचं ताट घेऊन बायकांमधून येत होती. सुषमापाशी येताच ती पुढं सरकली.

"हिला नको. हिचा उपास असंल."

"द्या, मावशी."

सुषमानं पेला उचलला. चहा निवला होता, वर साय धरली होती. ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. कुशाबाई ताट धरून तशीच उभी.

"गोड झालाय का गं?" तिनं बारीक आवाजात विचारलं.

"झालाय, मावशी."

घरी येऊन सुषमानं रोजच्यासारखा दिवा लावला. हात जोडले… पण सोडायला उपासच उरला नव्हता.